पेट्रोलची वही

हे अजून लिहितात.
शंभर पानी वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे,
तारीख, लिटर, काटा, आणि कशाला:
"अनगोळ ते खडेबाजार. ब्लाऊजपीस."
"परत तिकडंच. अस्तर विसरली."

अस्तर मी विसरले नव्हते.
रेल्वेचं गेट पडलं
की दहा मिनिटं स्कूटरवर मागं बसून
ह्यांच्या मानेशी बोलता यायचं.
घरात कुठलं तेवढं.

आता सून फोनवर बोट फिरवते.
अस्तर येतं, जिरं येतं, नातवाचे बूट येतात,
बूट परत जातात, दुसरे येतात,
तेही चावतात.
वहीत श्रावण कोरा. भाद्रपदात एकच ओळ,
दवाखाना.

ईराण्णा येतो कणबर्गीहून,
पाठीवर त्याच्याहून उंच पोतं.
पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी हुकला, फोनवर म्हणाला,
"मनी येल्ली बरतैत्री?"
मी मोडक्या कन्नडात मारुतीची गुडी सांगितली,
तो मोडक्या मराठीत हो म्हणाला.
पाटीवर गल्लीचं नाव एक, पार्सलवर दुसरं,
आम्ही तिसरंच म्हणतो.
तरी बूट पोचले.

एका दुपारी ह्यांनी त्याला पाणी दिलं आणि
डोकावून काटा बघितला.
"किती झाले रे सकाळपासून?"
"एकशे चौदा, काका. अजून फिरूलालोय."
रात्री वही उघडली हे दिसलं मला.
"ईराण्णा. बूट."
"ईराण्णा. बूट परत."
बेरीज केली, खोडली,
दिवा मालवून म्हणाले,
आपलं पेट्रोल वाचलं नाही गं,
दुसऱ्याच्या टाकीत गेलं.

शुक्रवारी अस्तर आलं, मोरपंखी मागवलेलं, आलं पोपटी.
सून म्हणाली, रिटर्न टाकते.
नको, म्हटलं. मी बघून आणते.
स्कूटरला अकरा किका मारल्या ह्यांनी.

गेट उघडं होतं.
गाडी यायची वेळच नव्हती.
ह्यांनी तरी स्कूटर कडेला घेतली,
इंजिन बंद केलं
आणि मान जराशी मागं वळवली.

मी सुरुवात कुठून करावी ते ठरवत होते,
तेवढ्यात हॉर्न. पोतं. ईराण्णा.
"अक्का! निम मनीगे होंटेन्री!"
आमच्याच घरी निघाला होता.
थांब म्हणेपर्यंत रुळांपलीकडे.

घरी कोण आहे?
कुलूप.
मग उद्या परत यायला लागणार त्याला, हे म्हणाले.
खिशातलं पेन चाचपलं,
वही घरी राहिली होती.