दोन फूट बाय दोन फूट

डबीवर लिहिलंय, आधी एका कोपऱ्यात करून बघा.
सावलीत करा, पत्रा तापलेला नको.
बॅरीत ही अट पाळायला
कुणाला कष्ट पडत नाहीत.
एप्रिल संपत आला तरी
समुद्रावरून येतं ते ऊन
गवळ्याने पाणी घातलेल्या दुधासारखं.

गाडी मरून रंगाची, दोन हजार बाराची,
तिसऱ्या मालकाची, म्हणजे माझी.
बॉनेटवर निळ्या टेपने चौकोन आखला.
मटाराएवढे तीन थेंब.
वास रॉकेलचा, पण कुणीतरी
त्यात केळं कुस्करल्यासारखा.
गोल फिरवायचं नाही. उभं, मग आडवं,
मग पुन्हा उभं.

मनगटाला काहीतरी आठवू लागलं.
बोळाच्या तोंडाशी कल्हईवाला बसायचा.
नवसागराची चिमूट, फस्सकन धूर,
आणि कापसाचा बोळा असा काही फिरे
की काळं पातेलं
एका दमात पांढरं व्हायचं.
मी नाक धरून बघत राही.
त्याच्या डबीवर काही लिहिलेलं नसायचं.

एमलिन बाहेर आला, सपाता, चहाचा मग.
बत्तीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेला माणूस,
कुठलीही वस्तू आधी थोडा वेळ लांबूनच बघतो.
"वाळू दे, हेरी," म्हणाला.
(हेरंब त्याच्या तोंडात मावत नाही,
मीही आता मावून घ्या म्हणत नाही.)
मग आम्ही वाळू दिलं.
मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखे
चहा हातात धरून दोघे,
कुणीच विषय काढेना.

फडक्याने धुरकट थर पुसला
आणि खालून आला तो रंग
मी विकत घेतलाच नव्हता कधी.
कोकमाच्या आगळासारखा,
आत बोट बुडेल इतका.
त्यात एमलिनचं धुरांडं, उलटं,
आणि माझी हनुवटी, दाढी न केलेली.

मग टेप ओढली.
कालपर्यंत गाडी बरी होती.
आता चौकोनाबाहेर सगळीकडे
बारीक बारीक वर्तुळं,
कोळ्याने रात्रभर काम केल्यासारखी.
ही समुद्राने केलेली नाहीत.
दर रविवारी भांड्यांच्या स्पंजने,
सात वर्षं, गाणं गुणगुणत,
मीच.
इतक्या मायेने घासत होतो, ते हे.

"आता सगळी करावी लागणार," एमलिन म्हणाला.
"नाहीतर हात लावूच नये.
मेन्नाची बहीण येणार म्हणून
मी एक भिंत रंगवली होती.
घर पुरं व्हायला नऊ वर्षं लागली."
पुढे काही बोलला नाही. मेन्ना आता नाही,
भिंती आहेत.

वरच्या खिडकीतून मृदुला,
"झाली का रे?"
"एवढंच झालं."
"एवढंच?"
खिडकी लागली.

आणि तेवढ्यात, शपथेवर सांगतो,
आख्खी गाडी मोकळी असताना,
आख्खी गल्ली मोकळी असताना,
सीगलने नेम धरला
तो त्या दोन फुटांवर.
पांढरं, हिरवट, ऐवजदार.

एमलिनने माझ्याकडे बघितलं.
मी फडकं घेतलं, एक हात मारला.
निघालं. डाग नाही, ओरखडा नाही,
कोकम जसंच्या तसं.
"चालतंय म्हणायचं," तो म्हणाला,
आणि डबी उचलून किंमत वाचली,
आणि हळूच खाली ठेवली.

मी हिशोब केला. असे अडतीस चौकोन.
रविवारी एक धरला तर जानेवारी उजाडेल,
तोवर पहिल्याची लकाकी उतरलेली असेल.
टेपचं टोक नखाने शोधू लागलो.
ते नेहमीसारखं सापडेना.
एमलिन घरात गेला.
मला वाटलं, कंटाळला.
तो स्टूल घेऊन परत आला,
बूड टेकवलं,
आणि माझी सावली पडत होती म्हणून
थोडं डावीकडे सरकला.