निळा खडू

मे महिन्यात सोलापुरात कुणाला काही शिकवू नये.
पत्र्याखाली तर नाहीच नाही.
तरी साखर पेठेतल्या या शाळेत
बेचाळीस नवे शिक्षक बसलेत मानेवर ओले रुमाल टाकून,
आणि माझ्या आधी कुणीतरी फळ्यावर
'सांस्कृतिक विविधता' लिहून
खाली दोनदा रेघ ओढलीय.

मला दिलेल्या पुस्तिकेत, पान सातवर,
फुलं वेगळी आणि बाग एक.
मी पान सात पालथं ठेवते.
बागकामातलं मला काही कळत नाही.

मी सांगते ते एवढंच :
एकोणनव्वद साल, दत्तनगर, पहिलीचा वर्ग.
मी बार्शीहून नुकतीच आलेली, नोकरीचा दुसरा आठवडा.
भिंतीपलीकडे यंत्रमाग, म्हणून ओरडूनच शिकवायची.
वर्गात मराठीच बोलायचं, नाहीतर अंगठे धरायचे,
हा नियम माझा. वरून कुणी दिलेला नव्हता.

तिसऱ्या रांगेत अंबादास इप्पलपल्ली.
हजेरीत माझी जीभ अडखळायची
म्हणून मी त्याचं नाव कापलं, इप्पल,
ताग्यातून हातभर तुकडा कापावा तसं.
एका दुपारी तो टेबलाशी आला.
"बाई, नीळ्ळु."
मी डबा उघडला, निळा खडू दिला.
तो खडूकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.
मग जागेवर जाऊन पाटीवर त्यानं घागर काढली,
निळी, गळ्यापर्यंत भरलेली,
आणि परत येऊन मला दाखवली.
मी म्हणाले, "छान."

अडतीस पोरांना कळलं होतं त्याला काय हवंय.
अडतीस पोरांना माझा नियमही पाठ होता.

श्रावणात पटनोंदणीला त्याच्या घरी गेले.
उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन आई विड्या वळत होती.
तिनं पान खाली ठेवलं, हात पुसले,
आत जाऊन तांब्या आणला, माझ्यापुढे धरला :
"नीळ्ळु?"
मी ते पाणी कसं प्यायले, ते विचारू नका.

हॉलमध्ये आधी थोडं हसू, मग पंख्याचा आवाज.
शबाना नदाफ उठते. अक्कलकोटच्या शाळेवर आहे.
"पण मॅडम, माझ्या वर्गात चार भाषा, मी एकटी.
त्यातली कानडी मला शिव्यांपुरतीच येते."
आता हॉल मोकळा हसतो. मीही.
सगळं नाही येणार, मी म्हणते.
पाणी. दुखतंय. घरी जायचंय.
मी नाही घेतलं.
एवढं तरी कानाला ओळखू यावं.

मागच्या बाकावरून इंदल काळे, सकाळपासून गप्प होता,
न उठताच बोलतो :
"ते शेवटचं वाक्य आमच्या पारधीतही आहे, मॅडम.
वर्गात काही हरवलं की पहिलं माझं दप्तर उघडायचे.
गुरुजी वाईट नव्हते. डबा आणला नाही की
त्यांच्यातली अर्धी भाकरी द्यायचे मला.
पण दप्तर माझंच."

यावर पुस्तिकेत काही नाही.
माझ्याकडेही नव्हतं.
मी चहा मागवला, अर्धा तास आधीच,
आणि चहा होईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.
मग नदाफबाईनं आपला डबा उघडून
शेंगाचटणी इंदलच्या पुढे सरकवली, आणि विचारलं,
"ते वाक्य म्हणून दाखवा ना. मी लिहून घेते."
तो तीनदा म्हणाला. तिला तिन्ही वेळा जमलं नाही.
चौथ्यांदा त्यालाच हसू आलं.

संध्याकाळी अभिप्रायाचे फॉर्म गोळा केले.
'प्रशिक्षणातून काय मिळालं?' या रकान्यात
बहुतेकांनी 'उत्तम', 'उपयुक्त', 'जेवण बरं होतं'.
एकानं फक्त लिहिलंय : नीळु.
माझा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला.
मग आठवलं, की मीही हा शब्द
कधी लिहिलेला पाहिला नाहीये.
एक ळ की दोन, दीर्घ की ऱ्हस्व,
हे अंबादासला विचारायला हवं.
अशोक चौकात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे म्हणतात.
नाव सांगताना मात्र
पूर्ण सांगायचं.