दोन बॉब

थंडर बे. बाहेर उणे एकतीस.
वृद्धाश्रमातली चौदा नंबरची खोली.
इझबेल गेडिस, वय एक्याण्णव, मूळ गाव ग्लासगो,
रात्री अडीचला उठून बसते आणि म्हणते,
"बॉब द्या. दोन बॉब. लवकर."

मार्लिस कोस्केला फाइल काढते.
नवरा लॅक्लन, गेला. मुलगा मर्डो, व्हँकूव्हरला,
ख्रिसमसला फोन करतो.
भाऊ, जावई, अगदी पूर्वी पाळलेला कुत्रा,
बॉब कुठेच नाही.
आणि ही तर दोन-दोन मागतेय.
या वयात?
असो. रात्रपाळीत डोकं असंच चालतं.

"बॉब सकाळी येईल हं," ती समजूत घालते.
म्हातारी तिच्याकडे बघते
खुळ्या पोरीकडे बघावं तशी.
"सकाळी? तोवर विझेल की!"

फरशी पुसणारा फिन्टन, वॉटरफर्डचा,
दारात थबकतो, हसू दाबत.
"अगं, माणूस नव्हे. बॉब म्हणजे शिलिंग.
बंद होऊन पन्नास वर्षं झाली.
आमची आई गॅसच्या मीटरमध्ये टाकायची.
खण्ण करून पडलं की शेगडी पेटायची,
संपलं की भप्प.
मग कोट घालून झोपायचं सगळ्यांनी."

"पण बॉब का?"

"तुमच्या डॉलरला बक का? हरणाचा काय संबंध?
आमच्याकडे पौंडाला क्विड म्हणायचे.
पौंड गेला, युरो आला, क्विड तिथेच,
भाडेकरू बदलले तरी
घर न सोडणाऱ्या मांजरासारखं.
आणि तुम्ही? नाण्यावर लून पक्षी, म्हणून नाणं लूनी.
पुढे दोन डॉलरचं निघालं
तर नुसतं यमक जुळवून टूनी!
आणि मला विचारतेस, बॉब का."

मार्लिसला हे सोळा आणे पटतं.
मग एकदम ओशाळते.
इतका वेळ ती एक माणूस शोधत होती
आणि म्हातारीला नुसती थंडी वाजत होती.

कॉफीच्या यंत्रासाठी जपलेली लूनी
ती खिशातून काढते, इझबेलच्या तळव्यावर ठेवते.
इझबेल अंगठ्याने कडा चाचपते,
अकरा बाजू, पिवळा रंग.
"हे बदक कुठलं?"
"इथल्याच तळ्यातलं."
"मीटरला चालेल?"

मार्लिस फिन्टनकडे बघते.
फिन्टन बादली खाली ठेवतो,
हात एप्रनला पुसतो,
नाणं घेऊन भिंतीपाशी जातो,
हीटरच्या पत्र्यावर एकदा वाजवतो,
खण्ण,
आणि बटण फिरवतो.

पाइपात काहीतरी कुरकुरतं.
"पेटली," इझबेल म्हणते, आडवी होते,
पांघरुणातून हात काढून
नाणं परत मागून घेते,
मूठ मिटते. मग डोळे मिटता मिटता,
मोठ्या उदारपणे,
"वरचे सुट्टे राहू देत तुम्हांला."

पहाटे कॉफीच्या यंत्रापुढे
मार्लिसला एक डॉलर कमी पडला.