नाव कमी केल्याचा दाखला

रेशन ऑफिसच्या मागच्या खोलीत माझं टेबल,
पंख्याखाली नाही, पंख्याच्या शेजारी.
दगड ठेवल्याशिवाय अर्ज बसत नाहीत.
दगड सीनेतला, गावाहून आणलेला.

वरचा खण येणाऱ्यांचा : मैंदर्गी, दुधनी, मंद्रूप,
कधी पलीकडचं इंडी, तेव्हा शिक्का कानडी.
खालचा जाणाऱ्यांचा : हवेली, मुळशी, भिवंडी.
तो आता लागत नाही.
गुडघ्यानं ढकलतो.

मालदांडी काढून झाली की खेड्यातली येतात,
तळहातावरचे चरे अजून ओले.
बारावीचा निकाल लागला की इथली जातात.
कारखाना बंद पडला की घरच जातं,
पण एकदम नाही,
आधी बाप, मग थोरला, मग शिलाई मशीन.
म्हातारी राहते विड्या वळत,
तिचे पाच किलो चालू ठेवायचे.

अंबादास चिलवेरी. जाणार भिवंडीला.
कारणाचा रकाना कोरा होता.
म्हणाला, आजा तेलंगणातून आला मागामागं,
मी बी चाललो मागामागं.
मी लिहिलं : रोजगार.

दोन वर्षांनी तोच उभा, खिडकीशी.
तिकडं नाव चढलंच नाही.
मालक भाडेकरार देईना,
साहेब म्हणे उद्या या,
आणि उद्या म्हणजे पाळी बुडणार.
दोन वर्षं हा माणूस
कुठल्याच कार्डावर नव्हता,
विकतचा तांदूळ खाऊन टॉवेल विणत होता.
माझा दाखला त्यानं जपून आणलेला,
चौघडी घातलेला, घडीवर फाटलेला.
"हाच उलटा करा की साहेब."

उलटा होत नाही.
नवा अर्ज, नवं तिकीट, विजेचं बिल.
त्याला चहा पाजला,
एवढंच माझ्या अधिकारात होतं.

आता माझं सांगतो, खिडकी बंद झाल्यावर.
बावीस वर्षं झाली सोलापुरात.
गॅस इथला, मतदान इथलं,
पोरगी तेलुगूत भांडायला शिकली शेजारणीकडून.
रेशनला नाव अजून पापरीत, भावाच्या कार्डावर.
बायको विचारते, लोकांची कमी करता, आपलं कधी?
भाऊ म्हणतो, राहू दे,
तुझ्या नावाचे गहू बरे निघतात.

मध्ये अंगठा द्यायला बोलावलं,
तेव्हा एसटीनं गेलो.
मशीन ओळखेना.
बोट विजारीला पुसलं. पुन्हा.
शाईनं गुळगुळीत झालंय, म्हणालो.
दुकानदार माझ्याच वर्गातला.
म्हणाला, दाबू नको एवढा,
नुसता ठेव.