परतीची वायर

निवतीच्या बंदरावरून वर चढलं की तिसरं घर,
दारात उपडी घातलेली होडी, तिच्यावर सुकत टाकलेले बांगडे.
यशोमती तांडेल बाहेरच उभी.
"कितीदा दाबलंय रे पास्कू, पेटणा नाय."

पांढरा गुळगुळीत चौकोन, मस्कतहून आलेला.
भार्गवीनं पाठवलाय. तिनं तिकडून बोट लावायचं
आणि इकडे पडवीचा दिवा लागायचा,
आईचे गुडघे वाचतील.

आधी मी सगळे करतात तेच केलं.
बल्ब काढून न्हाणीघरातल्या होल्डरला लावला. लागला.
फ्यूज बघितला. शाबूत.
फ्रिजवरचा राउटर बंद केला, वीस मोजले, पुन्हा चालू.
बटण दहा सेकंद दाबून धरलं,
निळी टिकली लुकलुकेल म्हणून.
कसली लुकलुकते.
मोबाइलवर भार्गवी, नुसतं कपाळ दिसणारी:
"पास्कूकाका, ॲप सांगतंय डिवाइस सापडत नाही."
सापडत नाही म्हणजे काय, म्हटलं, भिंतीतच तर आहे.

मग पेटी उघडली.
पालीची दोन अंडी, मुंग्यांनी रचलेली माती,
तांब्यावर खाऱ्या वाऱ्याचा हिरवा कळंक,
आणि वायरी दोनच.
एक लाल, येणारी. एक पिवळी, दिव्याकडे जाणारी.
काळी नाहीच.

"जुनो खटको एकतीस वर्सां चल्लो," यशोमती म्हणाली.
खरं आहे. खटका म्हणजे नुसतं दार.
उघडलं की वीज गेली, लोटलं की थांबली,
त्याला स्वतःला काही लागत नाही.
हा तसा नाही.
दिवा बंद असतानाही याला जागं राहावं लागतं,
पलीकडून कधी हाक येईल म्हणून.
जागं राहायला थेंबभर वीज लागते,
आणि वीज नुसती येऊन भागत नाही,
तिला परत जायला वाट लागते.
ती वाट या भिंतीत कुणी आणलीच नव्हती.

कुणी, ते कळायला वेळ लागला नाही.
लाल वायरीचा जोड बघितला:
तीन वेढे उजवीकडे, एक उलटा, टोक आत मुडपलेलं.
असा जोड या पट्ट्यात दोघेच देत.
उस्ताद मुजावर, ते आता नाहीत.
दुसरा मी.

एकोणीस वर्षांचा होतो.
उस्ताद म्हणाले, काळी माळ्यावरच राहू दे,
खटक्याला तिचं काय काम.
साठ फूट वाचली. बिलात मात्र होती.
त्याच साठ फुटांवर माझ्या बहिणीच्या रोसाच्या रात्री
मांडवातले बल्ब लागले, पिवळे, एक हिरवा.
तांडेल तेव्हा होते. पैसे देताना
त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही.

"वयनी," मी म्हणालो, "वायर कमी पडली."
"कितकी?"
"साठ फूट."
"पैशे किती होतले?"
म्हटलं, तिचे पैसे तुम्ही कधीच दिलेत.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग आत गेली, चहा ठेवायला.
तिला कळलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

कौलांखाली वाकून, कोळिष्टकं तोंडावर घेत
काळी वायर खाली सोडली.
टिकली लुकलुकली.
मस्कतला अजून ऊन होतं.
दिवा लागला. विझला. लागला. विझला.
तिकडे पोर खेळत होती नुसती.

"हातान पण होता मां?"
होतं, म्हटलं.
यशोमतीनं बोट लावून एकदा पेटवला,
एकदा विझवला,
आणि फोनला म्हणाली, "आता तू."

काही झालं नाही.
वॉर्डात कुणीतरी हाक मारली असावी तिला.
पडवी काळोखी, खाली बंदरात
कुणीतरी इंजिनाला दोरी मारत होतं, पुन्हा पुन्हा.
"बिघाडलो काय परत?"
नाही, मी म्हणालो, ती बघा टिकली.
तशीच दोघं बघत बसलो.
चहावर साय आली.