कोमट रक्त

कागदावर तिचं नाव मिडनाइट सोनाटा,
आमच्याकडे आल्यावर नुसती सोनी.
पुण्याला एकोणीस शर्यती धावली, दोन जिंकली;
अजून पत्र्यावर निंबोळी पडली तरी
तिच्या अंगावरून शर्यत सुटते.

तिच्यासाठी घोडा बघायला उदगीरला आलोय.
ह्याची पाठ माझ्या कपाळाला लागते,
खूर परातीएवढे.
"वॉर्मब्लड आहे," डॉक्टर म्हणाले.
"म्हंजे कोमट?" दस्तगीरचाचांनी विचारलं
आणि तंबाखू मळता मळता स्वतःच हसले.

मी चाल पाहिली, मान पाहिली,
मोबाइलवर त्याच्या आजीच्या उड्या पाहिल्या.
चाचा, चाळीस वर्षं नाल ठोकलेला माणूस,
दातसुद्धा न बघता त्याच्या मागे गेले
आणि पेंडीचा रिकामा डबा
फरशीवर सोडून दिला.

लिंबावरचे सगळे कावळे उडाले.
डॉक्टरांचा चहा सांडला.
घोड्यानं एक कान मागे वळवला,
ऐकलं,
आणि कडब्याचं तेच धाट पुढे चावू लागला.

"पोरगी तुमची वाऱ्याची हाय," चाचा म्हणाले,
"वाऱ्याला अजून वारा कामून लावता?"

सोनीनं पहिल्या दिवशी लाथ झाडली,
दुसऱ्या दिवशी किंचाळली.
आज ती उभी आहे, शेपूट कलती,
आणि डॉक्टर अर्जातला रकाना भरतायत:
निवडीचं कारण.
हाडं मजबूत, लिहितात. चाल मोकळी.

डबा अजून तिथंच पडलाय, कलंडलेला.
त्यात एक चिमणी शिरलीय.