तीन पडद्यांवरून एक गलबत

सूरला पोचले तेव्हा हॉलचा एसी बंद होता
आणि गलबत फाटलेलं होतं.

उजव्या पडद्यावर नाळ, मधल्यावर डोलकाठी,
डाव्यावर सुकाणू.
पण नाळ पुढे निघून जायची
आणि सुकाणू मागे रेंगाळायचं, क्षणभर,
चप्पल शोधत बसलेल्या पाहुण्यासारखं.

परवा वाली येणार आहेत, शिहाब म्हणाला.
त्याने मशीन सात वेळा बंद करून चालू केलं होतं
आणि एकदा, मला न सांगता, तिच्यावर हात ठेवून
काहीतरी पुटपुटलाही होता.

मी घडीच्या शिडीवर बसून आकडे वाचले.
दोन पडदे साठ हर्ट्झचे.
तिसरा एकोणसाठ पूर्णांक चौऱ्याण्णव.
म्हणजे दर सोळा-सतरा सेकंदांनी एक फ्रेम मागे.
एवढंसं कोणाला दिसणार?

आप्पांना दिसलं असतं.
इचलकरंजीत चोवीस मागांच्या शेडमध्ये
ते विडी पेटवता पेटवता सांगायचे,
सातव्याचा धोटा उशिरा पोचतोय.
कापड उलगडलं की तिथे
एक आडवी रेघ, केसाएवढी.
व्यापारी तिच्यावर नेमकं बोट ठेवायचा
आणि दर पाडायचा.

तर, मी रेघ शोधत बसले.
प्लेअरची खिडकी मोडली, पूर्ण पडदा दिला.
फ्रेमा उलगडायचं ओझं
प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवून
ग्राफिक्स कार्डाच्या गळ्यात घातलं.
तिन्हींना एकच पन्हा समज, असं त्याला बजावलं.
वेळ आवाजाकडून घेऊ नकोस, पडद्याकडून घे.
मागे चालणारी सगळी अपडेटं गप्प केली,
एक अँटिव्हायरस होता, त्यालाही.

तिसरा मात्र साठवर येईना.
केबल भिंतीत गाडलेली, भिंतीवर नवा संगमरवर,
आणि संगमरवराची किंमत शिहाबने हाताने दाखवली.
मग मी उरलेल्या दोघांनाच खाली आणलं.
घरात एक लंगडा असला
की सगळे त्याच्या चालीने देवळात जातात, तसं.

अस्सरची बांग झाली, शिहाब गेला आणि आला.
येताना कडक करक चहा, कागदी कपात.
मी प्ले दाबलं.

गलबत निघालं.
नाळ, डोलकाठी, शीड, सुकाणू,
एका पडद्यातून दुसऱ्यात असं घसरत गेलं
की मधल्या काळ्या चौकटी
खिडकीच्या गजांसारख्या वाटायला लागल्या
आणि समुद्र पलीकडे, खरोखरचा.
शिहाबने टाळी वाजवली. एकच.

दाराशी खमीस उभा होता, हॉलचा रखवालदार.
सत्तरीचा. पोरवयात मंगळूरपर्यंत खजूर नेलेला,
तिथून कौलं आणलेली.
त्याची हिंदी बंदरावरची, अर्धी शिव्यांची.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, हे बिघडवलंस तू.

असं नाही चालत गलबत, म्हणाला.
ही तर मोटार झाली, नव्या रस्त्यावरची.
लाटेवर नाळ आधी जाते,
मागचं लाकूड अजून विचार करत असतं.
सकाळपर्यंत बरोबर होतं.
सकाळी मला जरा मळमळलंसुद्धा.

शिहाब हसला. मला हसता आलं नाही.
आप्पांच्या शेडमध्ये आता धोटा नाही,
हवेच्या झोताने बाणा फेकतात.
कापडात रेघ म्हणून नाही.
ते रोज जाऊन दारात बसतात
आणि म्हणतात, आवाज आहे गं, ताल नाही.

वालींसाठी नवी मांडणी ठेवली, अर्थातच.
जुनी पुसली नाही.
साठ, साठ, एकोणसाठ चौऱ्याण्णव, खिडकीसकट,
सगळे दोष जिथल्या तिथे,
नाव दिलं: खमीस.
हॉल बंद झाल्यावर कुठली कळ दाबायची
ते त्याला दोनदा दाखवलं.
तिसऱ्यांदा त्यानेच मला दाखवलं.

बिलात हे लिहिलं नाही.
काय म्हणून लिहिणार होते?